विनूच्या कंबरेवरचा पाय

त्या दिवशी सोप्यात आमी पाच जणं हुतो. माझं मालक — ते आता न्हाईत. माझी थोरली जाऊ शेवंताक्का — ती बी गेली. माझा लेक विनू. त्याची बायको प्राजक्ता. आन् मी. मालक खुर्चीत बसल्यालं, शेवंताक्का उंबऱ्याला टेकून लसूण सोलत, विनू भुईवर घोंगड्यावर पालथा पडल्याला, प्राजक्ता त्याच्या डोक्यापाशी गुडघं मुडपून बसल्याली. मी एकटी उभी हुते.

त्या पाचातल्या चौघांस्नी एक गोष्ट ठावं न्हवती. मला ठावं हुती. ती मी त्या दिवशी सांगितली न्हाय. त्याच्या आदी न्हाय, मागनं बी न्हाय. मालक शेवटच्या आजारात हुतं, त्यांचा हात हातात धरून मी बसायची — तवा बी न्हाय. आज पैल्यांदा सांगते. आन् ती बी तुमास्नी. तुमी कोण, कुठलं, मला म्हाईत न्हाय. तेच बरं हाय. वळखीच्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटती.

मी चौथी शिकल्याली. अक्षर वाकडं हाय. कुठं वाक्य मोडलं तर सांभाळून घ्या — न्हाय, नगं. सांभाळून घिऊ नगा. हाय तसं वाचा.

माझा लेक इमान चालवायचा. पायलट. गगनबावड्याच्या रस्त्याला आमचं गाव, आन् त्या गावातनं इमानात बसल्यालीच माणसं बोटावर मोजण्याएवढी, चालवायचं तर सोडाच. बाप फौंड्रीत, आई भाताच्या चिखलात, आन् पोरगं ढगात. रस्ता रुंद करताना आमचं रान गेलं, त्याच्या भरपाईच्या पैशावर तो शिकला. बायका मला पाण्यावर इचारायच्या, "काकू, विनू आज कुठल्या गावावर?" मी म्हणायची, "मला काय ठावं बाई, वरनं ढेकूळ बी टाकत न्हाय तो!" सगळ्या हसायच्या. मी बी हसायची. घरी येऊन घागर ठेवली की मग हसू जायचं. नोकरी लागल्यापासनं पोरगं दिवाळीला यायचं. ते बी कवा यायचं, कवा न्हाय. त्याची दिवाळी कुठल्या तरी हाटेलात, कुठल्या तरी गावाला. फोन करायचा, पर मागं कोण तरी बोलत असायचं, घाई असायची.

मग त्याची कंबर दुखाय लागली.

थांबा. मी चुकीच्या टोकाकडनं सुरवात केली. कंबरंच्या आदी माझ्या पायाचं सांगाय पायजे.

पायाळू म्हंजे काय, आताच्या पोरास्नी सांगायला लागतंय. लेकरू आईच्या पोटातनं डोक्यानं येतं. एकादं उलटं येतं — आदी पाय, मग डोकं. ते पायाळू. आमच्याकडं लोक मानत्यात, की कुणाच्या कंबरेत उसण भरली, वाकता येईना, उठता येईना, तर पायाळू माणसानं त्या कंबरंला आपला पाय लावायचा. उसण पळून जाती. आन् आणिक एक मानत्यात — पायाळू माणसावर ईज पडती. म्हणून वळवाचं आभाळ आलं की पायाळूला रानात धाडत न्हाईत.

मी ह्या घरात नांदायला आले तवा अंगानं काडी हुते. आत्ती — माझी सासू — तोंडानं लई तिखाट. माझ्या बापानं लग्नात काय दिलं न्हाय, ते रोज भाकरीसंगं वाढायची. "रिकाम्या हातानं आली बया. हिच्यापाशी काय तरी हाय का?" मी खाली बघून भाकरी गिळायची. त्या पावसाळ्यात आत्तीच्या कंबरेत उसण भरली. रोपं उपटताना वाकली ती वाकलीच. चौघांनी उचलून आणली. माजघरात पालथी पडून नुसती वरडत हुती. गावात एक म्हातारा पायाळू हुता, तो आदल्याच वर्षी वारलेला. शेवंताक्का म्हणली, "आता पायाळू आणायचा कुठनं? राधानगरीपातूर कोण जाणार ह्या पावसात?"

आन् मी म्हणले, "मी पायाळू हाय."

कशी म्हणले? आजवर मला ते कळलं न्हाय असं मी मनाला सांगत आले. खोटं. मला चांगलं कळलं हुतं. मला वाटलं हुतं, ह्या घरात माझ्यापाशी बी काय तरी हाय असं व्हावं. ते एक. आन् दुसरं — खरं सांगू? मला तिच्या पाठीवर पाय द्यायचा हुता.

दिला. सगळ्यांच्या देखत. सुनंनं सासूच्या पाठीवर पाय दिला, आन् सासू खालनं म्हणली, "दाब गं बाई, दाब माझ्या सोन्या." जन्मात पैल्यांदा तिनं मला सोन्या म्हटलं. दोन दिवस ती निजून ऱ्हायली, तिसऱ्या दिवशी उठून चुलीपाशी गेली. उसण निजल्यानं जाती, हे मला तवा बी ठावं हुतं. तिला न्हवतं. ती अख्ख्या गावात सांगत सुटली. शेजारची कोंडाबाई म्हणली, "तुझं बरं हाय की गं, सासूला लाथ घालून आशीर्वाद मिळवलास! आमी नुसत्या जिभंनं मारतो तर घर डोक्यावर घेत्यात." सगळं गाव हसलं.

तवापासनं वळवाचं आभाळ गडगडलं की आत्ती वरडायची, "हिला रानात धाडू नगा, पायाळू हाय!" मी सोप्यात कोरडी बसायची. शेवंताक्का भिजत वैरण आणायची. तिच्या लुगड्याचं पाणी उंबऱ्यात निथळायचं, आन् ती मलाच इचारायची, "घाबरलीस न्हाय न्हवं बाई?" ती शेवटपातूर मला जपली. मी तिला एका शब्दानं कवा सांगितलं न्हाय.

माहेरी गेले तवा आईच्या कानावर गेलं हुतं. ती मला परड्यात घिऊन गेली. म्हणली, "तू सरळ जन्मलीस. डोक्यानं आलीस, रडलीस, सुईण हसली. पायाळू तुझा भाऊ हुता. तुझ्या आदीचा. पाय आलं, डोकं अडाकलं. आला तसाच गेला. त्याचं तू घेतलंस व्हय गं?" मी पाठ फिरवून घरात आले. ती बी मग कवा त्यावर बोलली न्हाय. मागनं आई गेली, बाप आन् सुईण त्याच्या आदीच गेल्यालं. मग खरं ठावं असणारी ह्या जगात मी एकटी ऱ्हायले.

लोक येत ऱ्हायलं. कुणी बैलगाडीतनं, कुणी मागनं जीपमधनं. एक राधानगरीचा मास्तर दोघांच्या खांद्यावर आलता, जाताना चालत गेला. मी कुणाकडनं काय घेतलं न्हाय. च्या पाजायची, पावण्याला ज्येवल्याबिगर सोडायची न्हाय. मी मनाला सांगायची, कुणाचं काय वाईट तर करत न्हाय? पाय तर नुसता टेकवते. खरंच नुसता टेकवायची, पाखरू बसावं तसा. काहींचं बरं झालं. ज्यांचं झालं न्हाय ती परत सांगाय आली न्हाईत, म्हणून माझं नाव ऱ्हायलं.

विनू ह्यातच वाढला. बारका असताना शाळंत सांगायचा, "माझ्या आईच्या पायात औषद हाय." एका पोरानं त्याला चिडवलं, "तुझी आई लोकास्नी लाथा घालती," तर त्याचं नाक फोडून आलता. मी त्याच्या मुठीला हळद लावली आन् गप बसले. तवा सांगितलं असतं तर? सात-आठ वर्षांचं पोरगं. हसून इसरलं असतं. न्हाय सांगितलं.

आता कंबर.

इमानाची नोकरी लांबनं लई झ्याक दिसती. पर तो सांगायचा ते ऐकलं की मला गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसल्यालं माणूस डोळ्यापुढं यायचं. तासन्‌तास एका जागी, पट्ट्यानं आवळून बसायचं. त्या खुर्चीत शिरायचं तेच अंग पिरगाळून, मधल्या यंत्रावरनं पाय टाकून. उठावं वाटलं तर उठता येत न्हाय. खुर्ची आतनं धडधडत असती, ती धडधड मणक्यात जाती. टावेल गुंडाळून कंबरंमागं ठेवायचा. हाटेलात गेला की मऊ गादी सोडून भुईवर निजायचा. जोराची गोळी घ्यायची सोय न्हाय — ती घिऊन इमान चालवायला बंदी. आन् दर वर्साला डाक्टरी तपासणी. वाका, उठा, पाय वर करा. त्या दिवशी तो दात दाबून वाकायचा. एकदा कागदावर कंबर आली, की मग इमान गेलं, असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

म्हणून तो माझ्याकडं आला. मुंबईसनं गाडीत बसून, दिवसभराचा रस्ता. येईपातूर कंबर लाकूड हुयाची. दारात उतरताना आदी एक हात गाडीच्या टपावर, मग एक पाय, मग दुसरा. आन् हसून म्हणायचा, "आई, तुझ्या पायाला लायसन हाय न्हवं?" मी म्हणायची, "तुझ्या आज्जीनं दिलंय, आत ये." मालक म्हणायचं, "कंपनी मुंबईत, आन् दुरुस्ती आमच्या सोप्यात!"

मी पाय टेकवायची. मग तो दोन-तीन दिवस घोंगड्यावर निजायचा. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून मी शेकायची. नाचण्याची भाकरी, तांबडा रस्सा. त्याला बरं वाटायचं. कशानं वाटायचं? निजण्यानं. मला ठावं हुतं. तो जाताना माझ्या पायावर डोकं ठेवायचा — आई म्हणून न्हाय, पायाळू म्हणून. त्याच पायावर.

पैल्यांदा एकदा आला. मग दर दोन म्हैन्यानं. मग सुट्टी मिळंल तवा. जो दिवाळीला बी धड येत न्हवता, तो आता आषाढात येऊ लागला, थंडीत येऊ लागला. सोप्यात पडल्या-पडल्या बोलायचा. बारकेपणी माझ्या कुशीत शिरून बोलायचा तसं सगळं. वरनं सह्याद्री कसा दिसतो ते सांगायचा. पावसाळ्यात ढग घाटाच्या कडंला येऊन अडत्यात, आन् अलीकडं कोल्हापूरच्या बाजूला ऊन पडल्यालं असतं — ते वरनं एका नजरंत दिसतं, म्हणायचा. "तुला एकदा दाखवतो." मी मिठाची पुरचुंडी फिरवत ऱ्हायची.

हितपातूर तुमास्नी वाटत असंल, म्हातारीनं पायाळू असल्याचं खोटं सांगितलं, तीच हिची चूक. ते तर मी कवाच सांगितलं असतं. त्यात काय हाय? लोक हसली असती, चार दिवस तोंड लपवलं असतं. मला लाजंचं भ्या न्हवतं.

मला पायजे हुतं त्याचं दुखणं.

लिवलं बघा. लिवून हात थांबला हुता मघाशी, उठून पाणी पिऊन आले. फोन वाजला आन् तो म्हणला, "आई, परत धरलीया, येतो," की माझं काळीज हलकं हुयाचं. मी तांदूळ निवडायला बसायची. त्याची आवडती वाटली डाळ भिजत घालायची. पोरगं तिकडं दात खाऊन गाडीत बसल्यालं, आन् मी हिकडं गुणगुणत. कुठली आई असं करती? मी एकदा अंबाबाईपुढं उभी हुते, आन् सगळी मागत्यात तसं "माझ्या लेकाला सुखी ठेव" म्हणाय तोंड उघडलं — शब्द फुटला न्हाय. मला भ्या वाटलं, ती ऐकंल. ऐकलं तर तो यायचा बंद हुईल.

आता तो दिवस.

त्या खेपंला प्राजक्ता संगं आलती. ती नाशिकची, शिकल्याली, बँकेत नोकरी. शाणी पोरगी. विनूच्या डाव्या पायात मुंग्या येत हुत्या, पिंढरीपासनं खाली. तो मला सांगत न्हवता, तिनं सांगितलं. तिनं कोल्हापुरात मशिनीतला फोटो काढायचं ठरवलं हुतं, दुसऱ्या दिवशी सकाळचं. विनू जायला तयार न्हवता.

"फोटो काढला की कागद झाला," तो पालथा पडूनच म्हणला. "कागद झाला की तपासणीत दाखवायला लागतोय. आईचा पाय बरा. पायाचा कागद हुत न्हाय."

मालक हसलं. शेवंताक्का म्हणली, "अगं पोरी, राधानगरीचा मास्तर उचलून आणलाता, चालत गेला. तुझा नवरा काय त्याच्यापरास जड हाय?"

प्राजक्ता हसली न्हाय. तिनं माझ्याकडं बघितलं. खालनं वर, सरळ डोळ्यात. म्हणली, "आई, तुम्हीच सांगा. तुमच्या पायानं खरंच काही होतं का? तुम्ही एकदा नाही म्हणा. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. तुमच्या पाया पडते."

शेवंताक्काच्या हातातला लसूण थांबला. विनूनं मान वळवून एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यात काय हुतं सांगू? त्याला बी वाटत हुतं, मी न्हाय म्हणावं. भ्यालेला हुता तो. कुणी तरी त्याला सांगाय पायजे हुतं — उठ, दवाखान्यात जा. इमान गेलं तर जाऊ दे. ते सांगायचा मान फकस्त माझा हुता. एक शब्द. न्हाय. एवढाच.

मी काय म्हणले ठावं हाय? मी म्हणले, "एवढ्या माणसांचं बरं झालं ते सगळं खोटं हाय व्हय, पोरी?"

खोटं सुदिक सरळ बोलले न्हाय मी. सवाल करून बोलले.

ती खाली बघाय लागली. आन् मी पाय ठेवला. त्या दिवशी नुसता टेकवला न्हाय. मला वाटलं, हिच्या देखत गुण आला पायजे. आत्ताच्या आत्ता. मी टाच रवली, भिंतीला हात लावला आन् अंगाचा भार सोडला. त्यानं श्वास आत वढला. मुठीत घोंगडं धरलं. मी दाबत ऱ्हायले. मग तो म्हणला, "बरं वाटतंय. आई, लई बरं वाटतंय." त्याच्या कपाळावर घाम हुता. मी तो घाम बघितला. बघून पदरानं पुसला.

प्राजक्ता परड्यात गेली. तिनं फोन करून दुसऱ्या दिवशीचं रद्द केलं, ते मी चुलीपाशी ऐकलं.

त्याच्या मागनं थोड्याच दिसात विनूचा पाय गेला. गेला म्हंजे — पाऊल उचलंना. इमान उतरवून, सगळी माणसं गेल्यावर, तो जिन्यावरनं उतरत हुता. डाव्या पायाची बोटं पायरीला अडाकली. कठडा धरला म्हणून वाचला. वर असताना तो पाय गेला असता तर? इमानाचा बिरेक पायाच्या पंज्यानंच दाबत्यात, त्यानंच मला सांगितलं हुतं. मागं बसल्याली माणसं, त्यांची लेकरं — मी त्यांची तोंडं बघितली न्हाईत, पर सपनात येत्यात. बसल्याली असत्यात, खिडकीतनं बाहीर बघत.

विनूनं तिथंच, त्याच घटकंला, कंपनीला सांगितलं — माझा पाय काम देत न्हाय, मला उतरवा. एक दिवस बी लपवलं न्हाय. माझ्या पोटचं पोरगं माझ्यापरास सरळ निघालं.

आपरेशन झालं. मी गेलते मुंबईला. डाक्टरनं सांगितलं, मणक्यातली गादी सरकून शिरंवर बसली हुती. लई दिवस बसली हुती. मग त्यानं इचारलं, "आधी का आला नाहीत? थोडं आधी आला असतात तर शीर वाचली असती." विनू छताकडं बघत ऱ्हायला. प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग पाण्याचा तांब्या भरायला गेली. तिनं आजवर मला त्यावरनं एक शब्द इचारल्याला न्हाय. इचारला असता तर मी सांगितलं असतं का? ठावं न्हाय. बहुतेक न्हाय.

उशिरानं शीर गेली, का माझ्या टाचंनं गेली? डाक्टर सांगू शकला असता. पर त्याला टाच कुणी सांगितलीच न्हाय.

कंबर बरी झाली. पाऊल आलं न्हाय. पायात आता पट्टीचा बूट घालतो. इमान बंद झालं ते कायमचं. कंपनीनं हापिसात काम दिलं हुतं, पर दिवसभर बसणं जमंना, सोडलं. आता तो हितंच हाय, माझ्यापाशी. उंच टेबलावर लॅपटॉप ठेवतो आन् उभ्यानंच पायलट होणाऱ्या पोरांस्नी ढग-वाऱ्याचं शिकवतो. प्राजक्ता आन् नात मुंबईत. नोकरी, शाळा. सुट्टीत येत्यात. दोघा नवरा-बायकोत भांडण न्हाय, पर बोलणं कमी झालंय. नात फोनवर इचारती, "बाबा, तुम्ही कधी येणार?" तो म्हणतो, "तूच ये की, आज्जीकडं आंबं हाईत."

मला पायजे हुतं ते मिळालं. पोरगं रोज डोळ्यापुढं. दोन्ही वक्ताला माझ्या हातचं खातो. सकाळी सोप्यातनं परड्यात जाताना त्याच्या बुटाचा एक आवाज हुतो, एक हुत न्हाय. मी चुलीपाशी ऐकते. वरनं इमान गेलं तर त्याचा बोलता-बोलता आवाज थांबतो. वर बघत न्हाय. इमानाचा आवाज जाईपातूर थांबतो, आन् फुडचं वाक्य सुरू करतो.

मालक गेल्यावर दहाव्याला एक पावणा म्हणला, "काकू, तुमच्या पायाचा गुण लेकालाच कसा आला न्हाय?" विनू माझ्या आदी बोलला. म्हणला, "कोण म्हणतंय आला न्हाय? आईच्या पायावरच एवढी वर्षं उडलो मी. दवाखान्यात गेलो असतो तर पैल्याच वर्षी बंद झालो असतो." पावण्यानं मान हलवली. मी च्या गाळत हुते. गाळत ऱ्हायले.

त्याचं म्हणणं बी खोटं न्हाय, असं तुमी म्हणाल. म्हणू नगा. तो त्याच्या बाजूनं बोलला. मला माझी बाजू ठावं हाय. मला इमानाची काळजी न्हवती, कंबरंची बी न्हवती. मला तो दारात पायजे हुता.

आन् अजून सांगायचं ऱ्हायलंय. गेल्या म्हैन्यात त्याला उभं ऱ्हाऊन परत जरा दुखाय लागलं. घोंगडं टाकून पालथा झाला आन् म्हणला, "आई, लाव की पाय." आता सोप्यात आमी दोघंच. कुणी बघाय न्हाय, कुणी इचाराय न्हाय. सांगायला ह्याच्यापरास बरा वखत कुठला मिळणार हुता? मी भिंतीला हात लावला. आन् पाय लावला. हलकाच, पाखरासारखा. तो डोळं मिटून म्हणला, "बास. बरं वाटलं."

म्हणून हे कागदावर. तोंडानं हुत न्हाय, हे मी बघितलं. हे छापलं तर तो वाचंल. प्राजक्ता बी वाचंल. वाचू द्या. वाचून त्यांनी माझं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मला माफ करा असं मी म्हणणार न्हाय, त्यास्नी बी न्हाय आन् तुमास्नी बी न्हाय.

लोक अजून येत्यात. परवाच एक जण बायकूला मोटरसायकलवर घालून आलता. मी दार लावून आत बसले, शेजारच्या पोराकडनं घरात न्हाय म्हणून सांगितलं — ते बी खोटंच. गेली बिचारी तशीच, वाकून.

तर तुमास्नी एवढंच सांगणं हाय. कुणाची कंबर धरली, आन् गगनबावड्याच्या रस्त्याला एक पायाळू म्हातारी हाय असं कुणी त्याला सांगाय लागलं, तर तुमी मधी बोला. म्हणा, ती पायाळू न्हाय, ती डोक्यानं जन्मलीया, तिनंच लिवलंय. त्याला दवाखान्यात घिऊन जावा. त्याच दिवशी.